सुनावणी नेमकी आखाजीलाच?

कॉलनीचा ग्रुप, रविवार, १३ एप्रिल २०२५

वहिनी प्लॉट २२ (सकाळी ८.१०)
सर्वांना नमस्कार. मैदानाच्या कुंपणाला पालिकेने लावलेली नोटीस काल दूध आणायला जाताना पूर्ण वाचली. बगीच्याचं आरक्षण बदलून तिथे व्यापारी संकुल आणि वाहनतळ. कारण काय, तर म्हणे ‘जागा वापरात नाही’. सुनावणी बुधवार, ३० एप्रिल, सकाळी साडेअकरा. अहो, ३० तारखेला अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आहे! महिनाभर नोटीस तिथेच लटकतेय, एकाच्याही लक्षात येऊ नये?

सचिव (८.२२)
नमस्कार वहिनी. नोटिशीचा फोटो मी मागेच टाकला होता. त्याच दिवशी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होत्या, त्यात तो वर गेला.

वहिनी प्लॉट २२ (८.२४)
फोटो टाकला म्हणजे काम झालं का? तुम्ही सचिव आहात ना?

माई प्लॉट ७ (८.३१)
आखाजीले कोन जाई तठे? पितरेस्नी घागर भराव का पालिकाना जिना चढाव? दोन्ही पोरी येवाव शेत माहेरले. मी काई येवाव नही.

आप्पा प्लॉट ३ (८.४०)
माईंचं खरं आहे. आणि ज्यांची शेती आहे त्यांचं काय? आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या गड्याचं, साल ठरतं. मी तर त्या दिवशी गावाला असतो. तरी स्पष्ट सांगतो, संकुलाला माझा विरोध नाही. मैदानाचा उकिरडा झालाय, रात्री कोण कोण बसतं ते सगळ्यांना माहीत आहे.

तात्या प्लॉट १९ (८.४७)
सर्वांनी लक्ष द्यावे. सुनावणी ३० ला आहे, पण लेखी हरकतीची मुदत १५ एप्रिल, मंगळवारी संपते. आज रविवार. उद्या १४ एप्रिल, बाबासाहेबांची जयंती, कार्यालय बंद. हातात एकच दिवस आहे. लेखी हरकत दिली नाही तर सुनावणीला काय बोलणार? आधी हरकत, मग तारीख. मी ३२ वर्षे सरकारी टेबलावर काढली आहेत.

भाऊ प्लॉट ११ (८.५२)
तारीख मुद्दामच ठेवली आहे. ३० ला आखाजी, १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, लोकं दोन दिवस गावाला. हॉल रिकामा, प्रस्ताव पुढे. एवढं कळत नाही का आपल्याला?

वहिनी प्लॉट २२ (८.५५)
तेच म्हणतेय मी! तारीख बदलून घेतलीच पाहिजे.

दादा पुणे (९.१५)
गुड मॉर्निंग. जनसुनावणी प्रकल्पाच्या जागेवर किंवा अगदी जवळच घ्यावी लागते असा नियम आहे. कलेक्टर स्वतः बसतात, व्हिडिओ शूटिंग होतं, शेवटी सगळं मराठीत वाचून दाखवतात. पालिकेच्या हॉलमध्ये घेतली तर ती बेकायदा. सरळ कोर्टात जा.

सचिव (९.१८)
दादा, तुम्ही पुण्याला आहात, कोर्टात जायचं कुणी? आणि तुमच्या प्लॉट २६ चा मेंटेनन्स मागच्या दिवाळीपासून बाकी आहे, तेवढं जरा बघा.

दादा पुणे (९.२०)
याचा इथे काय संबंध? मी मुद्द्याचं बोलतोय.

आप्पा प्लॉट ३ (९.२१)
मेंटेनन्सवर यायचं तर प्लॉट ११ चा ट्रॅक्टर पण येऊ द्या. दोन वर्षं बोअरच्या रस्त्यात उभा आहे.

भाऊ प्लॉट ११ (९.२३)
आप्पा, पाण्याचा टँकर अडकला होता तेव्हा ह्याच ट्रॅक्टरने ओढून काढला. तेव्हा गोड लागला.

वकील ताई प्लॉट १४ (९.४०)
दादा, तुम्ही सांगताय ती वेगळी सुनावणी. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतली. खाण, वीज प्रकल्प, मोठे कारखाने यांच्यासाठी. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, किमान ३० दिवस आधी दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी. तिची तारीख सहजासहजी हलतही नाही, जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस लागते. इमारतींच्या प्रकल्पांना त्या सुनावणीतून सूट आहे, म्हणून तो मुद्दा आपल्या अर्जात घालू नका, बाकीचा अर्जही हलका होतो.
आपली सुनावणी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ ची, म्हणजे मंजूर विकास योजनेतला फेरबदल. राजपत्रात नोटीस, एक महिन्यात हरकती-सूचना, बाधितांना नोटीस, सुनावणी, मग प्रस्ताव राज्य शासनाकडे. शेवटची मंजुरी शासनाची, पालिकेची नाही.

भाऊ प्लॉट ११ (९.४४)
म्हणजे इथे बोलून उपयोग नाही, मंत्रालयातच ठरणार.

वकील ताई प्लॉट १४ (९.४७)
उलट आहे भाऊ. मंत्रालयात तुम्ही जाणार नाही, तुमचा कागद जाणार. फाइलमध्ये जे आहे तेच वरचा अधिकारी वाचतो. हॉलमध्ये नुसता आरडाओरडा केला तर इतिवृत्तात एक ओळ येते, ‘नागरिकांनी विरोध दर्शविला’.

तात्या प्लॉट १९ (९.५०)
हेच मी सांगतोय. लेखी हरकतीची मुदत १५ एप्रिल, मंगळवार. उद्या सुट्टी. आधी हरकत, मग तारीख.

मामा प्लॉट ३० (९.५८)
आखाजीला सुनावणी ठेवली तर साहेबांना पण सांगा, सणाचा पत्त्यांचा डाव हॉलमध्येच लावू. निकाल तिथेच लागेल.

भाऊ प्लॉट ११ (९.५९)
मामा, तीन पत्तीत आरक्षण उठलं तर?

मामा प्लॉट ३० (१०.००)
मग आप्पांचं दुकान पक्कं!

आप्पा प्लॉट ३ (१०.०४)
चेष्टा करा. माझा पोरगा बी.कॉम. होऊन चार वर्षं घरी आहे. मेन रोडला गाळ्याचं भाडं विचारून या, मग हसा. संकुल झालं तर इथल्या पोरांना दोन गाळे मिळतील. बगीचा बगीचा करता, वीस वर्षांत एक बाकडं तरी बसवलं का कुणी?

वहिनी प्लॉट २२ (१०.०९)
आप्पा, तुमच्या मुलाबद्दल कुणाला वाईट वाटत नाही असं नाही. पण गाळे लिलावाने जातात. आपल्या पोरांसाठी राखून ठेवलेत असं कुठे लिहिलंय? नोटिशीत तसा एक शब्द नाही.

आप्पा प्लॉट ३ (१०.११)
लिलावात बोली लावू ना मग.

माई प्लॉट ७ (१०.२०)
कोनी काय बी करा, पन त्या निंबले हात लावाव नही. मना लगीन नंतर पहिली आखाजीपाईन तठे झोका शे.

वहिनी प्लॉट २२ (१०.२८)
माईंना आम्ही सगळ्या साक्षी आहोत. ज्यांना तो कडुलिंब म्हणजे नुसतं झाड वाटतं त्यांनी एकदा जाऊन बघा. पश्चिमेकडच्या आडव्या फांदीवर नाडा घासून घासून दोन ठिकाणी साल निघून गेली आहे आणि लाकूड हाताला गुळगुळीत लागतं. माहेरी आलेल्या पोरी तिथे संध्याकाळी गौराईची गाणी म्हणतात. यंदा माझी नात पहिल्यांदा येतेय. तिला वाहनतळात झोका कुठे बांधून देऊ?

सचिव (१०.३३)
वहिनी, भावना समजतात. पण अर्जात झोका लिहून चालणार नाही.

वकील ताई प्लॉट १४ (१०.३७)
का चालणार नाही? आरक्षण बगीच्याचं आहे आणि त्या जागेचा वापर आजही त्याच कामासाठी होतोय, हाच तर मुद्दा. मुलं खेळतात, म्हातारी माणसं फिरतात, बायका सण करतात. ‘जागा वापरात नाही’ या कारणाला हे उत्तर आहे. झाडांची संख्या मोजून लिहा, फोटो जोडा. सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा निकाल आहे, बंगळूरचा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, कोर्टाने ते रद्द केलं आणि परिसरातल्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे असंही म्हटलं. दवाखान्यासाठी चाललं नाही ते गाळ्यांसाठी कसं, एवढं तरी विचारता येतं.

दादा पुणे (१०.४५)
मग कोर्टातच जा म्हणालो ते चुकीचं काय होतं?

वकील ताई प्लॉट १४ (१०.४८)
कोर्टात पहिला प्रश्न हाच विचारतात, हरकत घेतली होती का? पोच दाखवा.

तात्या प्लॉट १९ (१०.५०)
लेखी हरकतीची मुदत १५ एप्रिल, मंगळवार. उद्या सुट्टी. आधी हरकत, मग तारीख. प्रत्येक घराने वेगळी द्यायची. एका अर्जावर ४० सह्या केल्या तर आवक रजिस्टरला एकच नंबर पडतो आणि सुनावणीचं पत्र पहिल्या सहीच्या माणसालाच येतं. ४० अर्ज, ४० नंबर.

सचिव (१०.५६)
तात्या, तुमचा मेसेज सगळ्यांनी वाचलाय. तिसऱ्यांदा टाकायची गरज नाही.

तात्या प्लॉट १९ (१०.५८)
वाचलाय तर हरकत किती जणांनी लिहिली? एकाने तरी हात वर केला का? गेल्या वेळी कंपाउंडच्या भिंतीचं काय झालं ते विसरलात. आठ दिवस ग्रुपवर भांडलो, अर्ज शून्य, भिंत उभी.

भाऊ प्लॉट ११ (११.०३)
भिंतीचं काढू नका तात्या. तेव्हा नगरसेवकांनी शब्द दिला होता.

तात्या प्लॉट १९ (११.०५)
आणि आता नगरसेवकच नाहीत. प्रशासक आहेत. सभागृहात आपल्या वतीने उठून उभं राहणारं कुणी नाही. म्हणून या एका सुनावणीला इतकं महत्त्व आहे. निवडून आलेला माणूस असता तर निदान त्याच्या दारात जाऊन बसता आलं असतं.

वहिनी प्लॉट २२ (११.१२)
तात्या, पटलं. पण तारखेचा विषय मी सोडणार नाही. पुरणाचा घाट सोडून कोणती बाई साडेअकराला पालिकेत जाईल? पितरांना नैवेद्य दाखवून आगारी, म्हणजे विस्तवावर त्यांचा घास, टाकायची वेळ तीच. म्हणजे कॉलनीतल्या निम्म्या लोकांचं म्हणणं ऐकूनच घ्यायचं नाही असं ठरवल्यासारखं आहे. वरून बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन. माईंसारख्यांनी कसं जायचं?

वकील ताई प्लॉट १४ (११.२०)
वहिनी, तारखेसाठी वेगळा अर्ज करू, मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने. हरकतीच्या कागदात तारखेचं रडगाणं नको, दोन्ही एकत्र केले की उत्तर फक्त तारखेचं येतं. अर्जात तीन मागण्या: ३० एप्रिल व १ मे सोडून पुढची तारीख, वेळ सकाळी नऊ किंवा संध्याकाळी पाचनंतर, आणि जागा शाळेच्या हॉलची, म्हणजे वृद्धांना जिना नको. बदललेली तारीख नव्या नोटिशीने कळवावी हेही लिहू, नाहीतर तारीख बदलली आणि आपल्यालाच कळलं नाही असं व्हायचं.

आप्पा प्लॉट ३ (११.२४)
हा अर्ज असेल तर माझी पण सही घ्या. संकुल हवं असलं तरी मला पण सुनावणीत बोलायचं आहे, आणि आखाजीला मी गावाला असणार.

वहिनी प्लॉट २२ (११.२५)
आप्पा, धन्यवाद. मनापासून.

मामा प्लॉट ३० (११.२६)
आज सूर्य कुठे उगवला बघा रे कुणीतरी!

आप्पा प्लॉट ३ (११.२७)
मामा, तुम्ही आधी तुमची हरकत लिहा.

सचिव (११.३५)
ठीक आहे. आज संध्याकाळी साडेसहाला मैदानात जमू. कोरे कागद मी आणतो. वकील ताई नमुना सांगतील, पण मजकूर प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावा. सगळ्यांचा एकच झेरॉक्स दिसायला नको. पत्ता, प्लॉट नंबर, मोबाइल, सही. माईंचं मी लिहून घेतो, त्यांनी सांगावं.

माई प्लॉट ७ (११.४१)
मी सांगसू. अंगठा नही, सही करसू. चवथी शिकेल शे मी.

भाऊ प्लॉट ११ (११.४४)
मंगळवारी पालिकेत घेऊन कोण जाणार? मी ट्रॅक्टर काढतो, दहा जण बसतील.

आप्पा प्लॉट ३ (११.४५)
चला, त्या निमित्ताने तरी हलेल.

तात्या प्लॉट १९ (११.५०)
दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ‘साहेब मीटिंगला आहेत, नंतर या’ म्हणाले तरी आवक-जावकचा कारकून शिक्का मारू शकतो. त्याला साहेब लागत नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

सचिव (दुपारी १.४०)
आपल्या ३१ हरकती जमा. तारीख बदलाचा अर्जही दिला, ३४ सह्या. तारखेचं उत्तर लगेच मिळालं नाही, ‘विचार करून कळवू’ म्हणाले. खिडकीवर सुरुवातीला एकत्रच द्या म्हणत होते. तात्यांनी खुर्ची मागवली आणि तिथेच बसले, मग एकेक घेतल्या.

वहिनी प्लॉट २२ (१.४४)
तात्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. शुक्रवारपर्यंत उत्तर नाही आलं तर मी स्वतः जाणार विचारायला. कोण येईल सोबत?

माई प्लॉट ७ (१.५१)
मी येसू. सकायलेच जाऊ, उन्हाना आधी.

आप्पा प्लॉट ३ (१.५५)
मी माझी सूचना वेगळी दिली, संकुलाच्या बाजूने. पण त्यात लिहिलं आहे की कडुलिंब तोडू नये आणि त्याच्या भोवतीची जागा मोकळी ठेवावी. नंतर कुणी म्हणू नये की लपवून दिली.

भाऊ प्लॉट ११ (१.५८)
बरं केलं सांगितलं. वाद सुनावणीत घालू.

दादा पुणे (२.०६)
मी कुरियरने पाठवली होती, पोहोचली का?

तात्या प्लॉट १९ (२.१०)
पोहोचली की नाही ते आवक रजिस्टर सांगेल, आपला अंदाज नको. कुरियरची पावती घेऊन कुणीतरी साडेपाचच्या आत खिडकीवर विचारा. भाऊ, तुम्ही अजून गावातच आहात ना? आणि बाकी सगळ्यांनी पोचेचे फोटो इथे टाका, आवक नंबर वाचता आला पाहिजे. आतापर्यंत फक्त १२ आलेत.