प्रतिसाद: केआयपीएमआय-झीरो एक कोर खातोय

प्रश्न असा होता: लिनक्स सर्व्हरवर 'टॉप' या कमांडच्या प्रोसेस यादीत केआयपीएमआय-झीरो ९९ टक्के सीपीयू खाताना दिसतोय, काय करावं? वर कुणीतरी 'किल मायनस नाइन' (प्रोसेस सक्तीने बंद करणारी कमांड) मारायला सांगितलंय. उपयोग नाही, तो कर्नल थ्रेड आहे, म्हणजे ओएसच्या गाभ्याचाच भाग, मरणार नाही. बहुतेक सर्व्हरवर बीएमसीशी (सेन्सर, पंखे सांभाळणारी मदरबोर्डवरची वेगळी चिप) बोलणं केसीएस नावाच्या इंटरफेसवरून चालतं आणि तिथे बऱ्याचदा इंटरप्टच (काम झाल्याचं आपणहून कळवणारा इशारा) नसतो. मग हा थ्रेड 'झालं का, झालं का' विचारत बसतो. त्याची नाइस व्हॅल्यू १९ असते, म्हणजे सगळ्यात कमी प्राधान्य, त्यामुळे दुसऱ्या कामाला सीपीयू लागला की तो बाजूला होतो. आकडा दिसतो तेवढा भयंकर नाही.

तरी आवरायचा असेल तर आयपीएमआय-एसआय मॉड्यूलचं (बीएमसीशी बोलणारा ड्रायव्हर) 'किपमिड मॅक्स बिझी यूएस' हे पॅरामीटर, म्हणजे थ्रेडने सलग किती मायक्रोसेकंद विचारत बसायचं त्याची मर्यादा, १०० करा. सिसएफएसमधून (/sys खालच्या सेटिंगच्या फाइली) लगेच लागू होतं, रीबूट नको. कायमचं हवं तर मॉड्यूल लोड करणाऱ्या मॉडप्रोबच्या कॉन्फिगमध्ये टाका. पण मॉड्यूल कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल तर ते वाचलंच जात नाही, बूट पॅरामीटर द्यावं लागतं. यात सेन्सर वाचन जरा मंदावतं, आणि बीएमसीचं फर्मवेअर याच वाटेने चढवत असाल तर फारच रेंगाळतं.

आकडा सतत तसाच राहिला तर बीएमसी अडकलाय. आयपीएमआयटूल या कमांडने बीएमसीला कोल्ड रीसेट द्या, म्हणजे फक्त ती चिप रीस्टार्ट होते, ओएस चालूच राहते. पंखे मात्र थोडा वेळ बोंबलतील. आणि मॉनिटरिंग एजंट दर मिनिटाला सगळे सेन्सर उपसतोय का, तेही बघा.