क्लोनला सव्वा तास: हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन खरंच चालू आहे की नुसतं दिसतंय?

काजूबी_रत्नागिरी
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एका आंबा-काजू प्रक्रिया कारखान्यात आयटी बघते. आयटी विभाग म्हणजे मी, एक खुर्ची आणि एक एसी, जो सर्व्हरसाठी आहे, माझ्यासाठी नाही.

दोन ईएसएक्सआय ६.७ होस्ट (व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणारे सर्व्हर), एक आय-स्कझी अ‍ॅरे (दोघांची सामायिक डिस्कपेटी), मधे १ गिगाबिटचा स्विच. दर पॅचच्या आधी ईआरपीच्या (कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) व्हीएमचा क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, काढून ठेवते. व्हीएम १८० जीबीची, क्लोनला लागतो सव्वा तास. सव्वा तासही चालला असता, पण सध्या कॅनिंग जोरात आहे. रात्री गाड्या लागतात आणि वजनकाट्याची व्हीएम त्याच अ‍ॅरेवर आहे. परवा क्लोन चालू असताना एका टेम्पोची काटापावती निघायला चाळीस सेकंद लागली. मागे सात गाड्या, सगळ्यांचे हॉर्न, आणि काट्यावरचे काका मला फोनवर विचारतायत, "मॅडम, आंबा पिकवून मग वजन करायचं का?"

शोधता शोधता कळलं की होस्ट १ वर हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनच्या (होस्टची कामं अ‍ॅरेवर सोपवण्याच्या) तिन्ही सेटिंग्ज ०, म्हणजे बंद, आहेत: डेटामूव्हर.हार्डवेअरअ‍ॅक्सिलरेटेडमूव्ह, डेटामूव्हर.हार्डवेअरअ‍ॅक्सिलरेटेडइनिट आणि व्हीएमएफएस३.हार्डवेअरअ‍ॅक्सिलरेटेडलॉकिंग. होस्ट २ वर तिन्ही १. माझ्या आधी जे इथे काम बघायचे त्यांनी कधीतरी बंद केल्या असाव्यात, नोंद काहीच नाही. मी अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन तिन्ही १ केल्या. क्लायंटमध्ये डेटास्टोअरपुढे, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवायच्या जागेपुढे, 'सपोर्टेड' लिहिलेलं आहे. पुन्हा क्लोन काढला. एक तास बारा मिनिटं!

होस्ट रीस्टार्ट करावा लागतो का? हंगामात बंद ठेवायची परवानगी मिळणार नाही.

पोर्ट_४८
१ गिगाबिटवर काय होणार? १० चा स्विच घ्या, प्रश्न मिटला.

काजूबी_रत्नागिरी
घेते की. शेठना तुम्ही सांगा. मागच्या वर्षी यूपीएसच्या बॅटऱ्या मागितल्या तर "जनरेटर आहे ना" म्हणाले होते.

वाशिष्ठीकाठचा
रीस्टार्ट लागत नाही, १ केल्या केल्या लागू होतं. आणि स्विचचा इथे संबंधच यायला नको. अ‍ॅक्सिलरेशन खरंच चाललं तर होस्ट अ‍ॅरेला एवढंच सांगतो, "हे ब्लॉक तिकडे उतरव", आणि कॉपी अ‍ॅरेच्या पोटात होते. डेटा तारेवर येतच नाही. तुमच्या स्विचचे दिवे क्लोन चालू असताना वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर काम अजून होस्टच करतोय.

'सपोर्टेड' वर जाऊ नका. अ‍ॅरेला ते जमतं, एवढाच त्याचा अर्थ. होस्टने या वेळी ते वापरलं का, हे तिथे दिसत नाही. होस्टवर ईएसएक्सटॉप (चालू कामाचे आकडे दाखवणारं टूल) उघडा, यू दाबा, एफ दाबून व्हीएएआयचे (याच अ‍ॅक्सिलरेशनचे) रकाने चालू करा आणि क्लोन लावा. क्लोनचे आकडे शून्यावर बसून राहिले की समजायचं, गाडी जुन्याच रस्त्याने चाललीय.

आता का चाललीय ते. व्हीएमला स्नॅपशॉट (एखाद्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) असेल तर ऑफलोड होत नाही, म्हणजे काम अ‍ॅरेकडे जात नाही. दोन वेगळ्या अ‍ॅरेंमध्ये कॉपी असेल तरी नाही. आणि तिसरं, जे सगळे विसरतात: दोन्ही डेटास्टोअरचा ब्लॉक साइज वेगळा असेल तरी नाही. प्रत्येकावर व्हीएमकेएफएसटूल्स -पी चालवा आणि फाइल ब्लॉक साइज काय येतो ते इथे टाका.

काजूबी_रत्नागिरी
स्नॅपशॉट नाही, अ‍ॅरे एकच. दिवे लुकलुकतायत, हो. आकडे शून्य.

जिथून क्लोन काढते ते डेटास्टोअर: ८३८८६०८. जिथे काढते ते: १०४८५७६.

दोन्हींची फाइल सिस्टिम व्हीएमएफएस-५ च आहे ना पण?

वाशिष्ठीकाठचा
सापडलं. ८३८८६०८ बाइट म्हणजे ८ एमबी, १०४८५७६ म्हणजे १. पहिलं मुळात व्हीएमएफएस-३ होतं. तेव्हा १ एमबी ब्लॉकवर २५६ जीबीपर्यंतचीच फाइल बनायची. मोठी हवी तर २, ४ किंवा ८ घ्यावा लागे, म्हणून लोक डोळे मिटून ८ घ्यायचे. पुढे ५ वर अपग्रेड केलं तरी ब्लॉक जुनाच राहतो. नवीन बनवलेलं व्हीएमएफएस-५ मात्र १ एमबीचंच. आकडे जुळले नाहीत की होस्ट ऑफलोड सोडतो, आणि त्याच्याकडचा सगळ्यात जुना, सगळ्यात हळू डेटामूव्हर (कॉपी करणारा भाग) काढतो, एफएसडीएम. सेटिंग १ असो नाहीतर १००.

काजूबी_रत्नागिरी
अरे देवा. अ‍ॅरे बदलला तेव्हा जुन्या एलयूएन (डेटास्टोअरखालच्या डिस्का) जशाच्या तशा नव्यावर उतरवल्या होत्या. म्हणजे घर नवीन, पण आजोबांचं कपाट आत तसंच.

कुडाळकर_बाबू
होस्टाक दोष देव नको, तो बरो असा. डेटास्टोअर म्हातारो झालो!

आता कामाचं. त्याच अ‍ॅरेवर नवी एलयूएन काढा, तिच्यावर व्हीएमएफएस-६ बनवा आणि स्टोरेज व्हीमोशनने व्हीएम चालू असतानाच तिकडे हलवा. ५ चं ६ जागच्या जागी होत नाही. हे शेवटचं हलवणं हळूच होणार, तेवढं सोसा.

दुसरं, त्या तीन शून्यांचं. तुमच्या आधीच्या माणसाला बहुतेक डेटास्टोअर मधेच तुटण्याचा त्रास झाला असेल. ५.५ अपडेट २ पासून होस्ट व्हीएमएफएस-५ चा हार्टबीटही ('मी जिवंत आहे' ही खूण) एटीएसने (अ‍ॅरेच्या मदतीने होणाऱ्या लॉकिंगने) करू लागला, आणि काही अ‍ॅरे लोड आला की त्यावर अडखळायचे. व्हीएमकर्नल.लॉग मध्ये 'एटीएस मिसकम्पेअर' शोधा. त्यावर उपाय म्हणजे फक्त व्हीएमएफएस३.यूजएटीएसफॉरएचबीऑनव्हीएमएफएस५ हे ० करणं, आणि अ‍ॅरेचं फर्मवेअर बघणं. तिन्ही बंद करणं म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. त्यातही लॉकिंग एका होस्टवर ० आणि दुसऱ्यावर १, आणि डेटास्टोअर सामायिक, हे तर अजिबात ठेवू नका. एटीएस-ओन्ली (फक्त एटीएसवरच चालणारं) डेटास्टोअर असतं तर होस्ट १ ला ते माउंट करतानाच अडचण आली असती.

काजूबी_रत्नागिरी
चार दिवसांनी लिहितेय. लॉगमध्ये मिसकम्पेअर एकही नाही, पण लॉग जातो किती मागे! हार्टबीटला हात लावला नाही, तिन्ही १ च ठेवल्यात, दोन्ही होस्टवर.

हलवाहलव पहाटे दोनला केली, शेवटची गाडी रिकामी झाल्यावर. जागा एकदम पुरेना, म्हणून दोन हप्त्यांत. पहिला हप्ता गेला तरी अ‍ॅरे म्हणे जुनी एलयूएन भरलेलीच. मग आठवलं, व्हीएमएफएस-५ सुटलेली जागा आपणहून परत देत नाही. ईएसएक्ससीएलआय स्टोरेज व्हीएमएफएस अनमॅप हाताने चालवलं, तेव्हा कुठे आकडा उतरला. ६ वर हे मागच्या मागे होतं म्हणे, बरंच झालं.

काल ईआरपीचा क्लोन काढला: ९ मिनिटं. मी मोबाइलचा टॉर्च घेऊन स्विचसमोर उभी होते. दिवे शांत. काट्यावरून फोन नाही, म्हणून मीच केला. काका म्हणाले, "पावत्या निघतायत. आज काय बिघडलंय का?"

एक राहिलं. फाइल सर्व्हरची व्हीएम अजून हळूच क्लोन होते. आत्ता बघितलं, गणपतीच्या सुट्टीत काढलेला स्नॅपशॉट आहे तिच्यावर. माझाच.

वाशिष्ठीकाठचा
आठ महिन्यांचा? दुपारी पुसू नका. मोठा झाला असेल, एकत्र व्हायला वेळ घेईल आणि तेवढा वेळ डिस्क राबेल. काटा बंद असतानाच लावा.