वाफेच्या ब्रेकडाऊन क्रेन रेल्वे संग्रहालयात जपाव्यात का? मोतीबागेच्या निमित्ताने

अजनीचा_हूटर (धागाकर्ता)

नागपुरातील मोतीबागचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाले, तेव्हापासून वर्षातून एकदा तरी मी तेथे जातो. गर्दी नेहमी इंजिनाभोवती असते, आणि त्यात गैर काही नाही. मला मात्र घसरलेली गाडी पुन्हा रुळावर कोण ठेवत असे, हा प्रश्न पडतो. माझे बालपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. तेथे रात्री हूटर वाजला की घरातील मोठी माणसे बोलणे थांबवून तो किती वेळा वाजतो हे मोजत असत. त्यावरून समजे की गाडी कुठेतरी घसरली आहे आणि शेजारचे खलाशी काका (रेल्वेत अवजड सामान हलवणाऱ्या कामगाराला खलाशी म्हणतात) आता जेवणाचा डबा न घेताच निघणार आहेत. त्यांच्याबरोबर जाई ती घसरलेले डबे उचलणारी क्रेन. मराठीत तिला ‘यारी’ असा सुंदर शब्द आहे, पण अजनीत तो कोणी वापरल्याचे आठवत नाही. सगळे तिला ‘ब्रेकडाऊन’च म्हणत.

माझे म्हणणे असे की, भंगारात निघणाऱ्या वाफेच्या ब्रेकडाऊन क्रेनपैकी निदान एक आपल्या शहरात उभी राहिली पाहिजे. या यंत्रातील बुद्धी छायाचित्रात दिसत नाही. जुन्या वाफेच्या क्रेनचे स्वतःचे वजन ती उचलू शकणाऱ्या ओझ्याहून अधिक असे, आणि ते मोजक्या चाकांवर आले तर वाटेतील पूलच धोक्यात येत. यावर इंग्लंडमधील इप्सविचच्या रॅन्सम्स अँड रॅपियर कंपनीच्या विल्फ्रेड स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुट्या ‘रिलीव्हिंग बोगीं’चा, म्हणजे भार वाटून घेणाऱ्या चाकांच्या गाड्यांचा, तोडगा काढला. क्रेनच्या पुढेमागे जोडलेल्या या बोगी प्रवासात वजनाचा काही भाग स्वतःवर घेत, आणि अपघातस्थळी त्या सोडवून बाजूला ठेवता येत. हेच स्टोक्स १९१५ मध्ये खंदकातील उखळी तोफेमुळे जगाला माहीत झाले. क्रेनमुळे ते कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. ती कंपनी १९८७ मध्ये बंद झाली. आता जे उरले आहे, तेवढेच आहे.

कामठी_रोडकर

आपल्या आठवणीचा आदर राखून मी विरोध नोंदवतो. मोतीबागचे संग्रहालय नॅरोगेजचे आहे आणि तेच त्याचे वैशिष्ट्य आहे. अडीच फूट रुंदीच्या रुळांची कथा सांगणाऱ्या आवारात साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवरचे अवजड धूड आणून ठेवले, तर प्रेक्षक छायाचित्र काढेल, पण सातपुड्यातील गाड्या कशा चालत हे विसरून घरी जाईल. नॅरोगेजचे डबे हलके असतात. घसरलेला डबा जॅक आणि लाकडी ठोकळ्यांच्या साहाय्याने पुष्कळदा जागेवर आणता येतो. तेव्हा ‘गाडी पुन्हा रुळावर कोण ठेवत असे’ याचे मोतीबागेपुरते प्रामाणिक उत्तर जॅक हे आहे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. जबलपूर–नैनपूर मार्गावरील नॅरोगेज २०१५ मध्ये थांबली आणि नागपूर–नागभीड मार्गावरील गाड्या नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाल्या. त्या स्थानकांवरील टोकन यंत्रे (पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण चालकाला देणारी), नकाशे, नोंदवह्या आणि खुद्द जॅकसुद्धा जपायला पैसा आणि माणसे हवी आहेत. क्रेन उघड्यावर उभी राहील, दर पावसाळ्यात गंजेल आणि कोणी पाहुणे येणार असले की तिच्यावर चांदीच्या रंगाचा हात फिरेल. याला जतन म्हणायचे की लांबवलेले भंगार? आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून उभा आहे, कारण तेथील वस्तूंना छप्पर आहे.

निवृत्त_फिटर

दोघांचेही वाचले. माझी नोकरी दुरुस्तीच्या कामातच गेली, म्हणून थोडे लांबवतो.

क्रेन किती टनांची, हा प्रश्न पाहुणा पहिल्यांदा विचारतो, आणि त्याचे एका आकड्यात उत्तर देणे हीच चूक आहे. पाटीवर लिहिलेला आकडा बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, जवळ असतानाचा असतो. बूम जसजशी बाहेर झुकते तसतशी क्षमता झपाट्याने घटते. म्हणून क्रेन उभी केल्यावर आधी दोन्ही बाजूंचे आधारगर्डर बाहेर काढून त्यांखाली लाकडी स्लीपरची पॅकिंग रचायची, मग ओझ्याला हात लावायचा. काळ्या मातीत पावसाळ्यात हे पॅकिंग बसते कसे आणि दबते कसे, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला आयुष्यभर पुरते. मागचे टोक फिरताना शेजारच्या मार्गावर येते, त्यामुळे तो मार्गही बंद ठेवावा लागतो.

आता माझी अट. जपायची असेल तर एकटी क्रेन जपू नका. बूम ज्यावर टेकते तो मॅच वॅगन, साखळ्या, वायररोप, पॅकिंगचा ढीग आणि खलाशांचा डबा हे सर्व असेल तरच ती ब्रेकडाऊन, नाहीतर नुसते लोखंड. आणि ती वाफेवर चालवून दाखवण्याचा मोह कृपया टाळावा. बॉयलरवरील जुन्या आच्छादनात फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच पहिला पत्रा उघडावा लागतो. थकलेल्या बूमला ओझे लटकवून टाळ्या मिळवणे हा पोरखेळ आहे.

नंदनवन_वाचक

मला दोन्ही पक्षांत एक गोष्ट खटकते. क्रेन निघते तेव्हा कुठेतरी माणसे जखमी झालेली असतात, काही वेळा गेलेलीही असतात. तिच्यासमोर मुलांनी आइस्क्रीम खात छायाचित्र काढावे, याची मला अडचण वाटते. संग्रहालयातील मुलांच्या छोट्या गाडीच्या शेजारी तर ती मुळीच नको.

अजनीचा_हूटर

ताई, आपला आक्षेप मान्य आहे, पण त्यावरून मी उलट निष्कर्ष काढतो. अपघाताचा उल्लेखच नसलेले रेल्वे संग्रहालय म्हणजे स्मशान वगळून काढलेला गावाचा नकाशा.

फिटर काकांची अट पूर्णपणे मान्य. कामठी रोडकरांचा गेजचा मुद्दाही मी नाकारत नाही. मोतीबागेचा हट्ट सोडतो. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशा दोन्हींची विभागीय कार्यालये आहेत, तेव्हा ब्रॉडगेजच्या वस्तूला दुसरी जागा मिळू नये असे नाही. मात्र ‘जॅक पुरेसा होता’ हे नागपूरविषयी बोलताना चालणार नाही. मुंबईकडून १८६७ मध्ये येथे आलेला मार्ग ब्रॉडगेजच होता. शिवाय वाफेची क्रेन केवळ म्हातारी झाली म्हणून गेली नाही. जमालपूरच्या कारखान्यात बनलेल्या १४० टनी डिझेल क्रेन आल्या, हायड्रॉलिक जॅक आले आणि डोक्यावर २५ हजार व्होल्टच्या तारा आल्या. वीज बंद करून तार बाजूला घेतल्याशिवाय बूम उभी करता येत नाही. अमेरिकेत तर ‘बिग हूक’ म्हटल्या जाणाऱ्या २५० टनी क्रेनची जागा बाजूला बूम असलेल्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांनी घेतली. हा बदल समजण्यासाठी आधीचे यंत्र समोर हवे.

कामठी_रोडकर

आपण मोतीबाग सोडलीत, म्हणून मीही एक पाऊल मागे घेतो, पण एकच. आधी छप्पर, मग क्रेन. उलट क्रम मला मान्य नाही. छप्पर होईपर्यंत मिळतील त्या क्रेनचे आराखडे, क्षमतेचे तक्ते आणि निवृत्त खलाशांच्या मुलाखती गोळा कराव्यात. त्याला क्रेन लागत नाही आणि खर्चही फारसा नाही.

निवृत्त_फिटर

मुलाखती आधी घ्या. छप्पर दोन वर्षांनी बांधले तरी लोखंड थांबेल. माझ्या तुकडीतले आम्ही आता तिघेच उरलो आहोत, आणि त्यांतल्या एकाला ऐकू येत नाही.