हायडेलबर्गचं सिंती-रोमा सेंटर बघितलं, पण भाषा जपायचं काय?

रानवारा:
जर्मनीत शिकतेय. मागच्या वीकेंडला हायडेलबर्गला सिंती आणि रोमा या लोकांचं (सिंती म्हणजे जर्मनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा त्यांच्यातलाच एक गट) डॉक्युमेंटेशन अँड कल्चरल सेंटर बघून आले. जिप्सी लोकांची संस्कृती म्हणजे गाणी, पेहराव असं काहीतरी असेल असं डोक्यात धरून गेले होते आणि समोर आले घरगुती फोटो, नटूनथटून स्टुडिओत काढलेले, शाळेतले, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे, आणि त्यांच्या शेजारीच नाझींचे कागद. तीन मजले बघेपर्यंत पाय जड झाले.
माझा प्रश्न भाषेचा आहे. रोमानीत, म्हणजे त्यांच्या भाषेत, पाण्याला पानी, कानाला कान, माणसाला मनुष म्हणतात, हे कळल्यापासून मला ती शिकायचीच आहे. पण वर्गातल्या सिंती मैत्रिणीला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली की ती आमची घरातली भाषा आहे, बाहेरच्यांना नाही शिकवत. मला जरा लागलं ते. आणि कोणी शिकवलीच नाही, लिहून ठेवली नाही तर टिकणार कशी?

दिवेलागण:
आधी एक, जिप्सी शब्द शक्यतो टाळ. जर्मनमधला त्या अर्थाचा शब्द तर अजिबातच नको, त्याचंच पहिलं अक्षर ऑशविट्झच्या नाझी छावणीत या लोकांच्या हातावर नंबरच्या आधी गोंदवायचे.
आता भाषेचं. मैत्रिणीचं मनाला लावून घेऊ नकोस. १९३६ मध्ये, नाझी राजवटीत, रॉबर्ट रिटर या डॉक्टरच्या हाताखाली बर्लिनमध्ये एक 'वंश संशोधन' केंद्र निघालं. तिथली एफा युस्टिन सिंतींची भाषा बोलायची, घरात येऊन बसायची, लोकांनी विश्वासाने तिला आजी-आजोबा, काका-मामा सगळ्यांची नावं सांगितली, आणि त्याच नावांचे वंशवृक्ष पुढे लोकांना छावणीत पाठवायला वापरले गेले. मुल्फिंगेनच्या अनाथाश्रमातली सिंती मुलं तिच्या पीएचडीसाठी मागे ठेवली होती, तिचं काम झाल्यावर मे १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला पाठवलं, त्यातली चारच वाचली. ज्या घरांनी हे भोगलंय त्यांना 'तुमची भाषा शिकवा' म्हटल्यावर काय आठवत असेल बघ.

कागदकाम:
वरचं सगळं बरोबर, फक्त पुढचा भाग सांगतो कारण सेंटरचं मोल त्यातच आहे. युद्ध संपलं तरी ते वंशवृक्षांचे कागद रिटरच्याच वर्तुळातल्या लोकांकडे फिरत राहिले. १९५६ मध्ये तर जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सिंती-रोमांवरची १९४३ च्या आधीची कारवाई वांशिक छळ नव्हताच, म्हणजे भरपाई मागायची सोयच नाही! १९८० च्या ईस्टरला काही सिंती हा छळ मान्य करा म्हणून डाखाऊच्या जुन्या नाझी छावणीत उपोषणाला बसले. सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांनी ट्युबिंगेन विद्यापीठाच्या अर्काइव्हचं तळघर ताब्यात घेतलं कारण ते वंश-कागद तिथे पडून होते, आणि ते सरकारी अर्काइव्हमध्ये हलवायला लावले. मार्च १९८२ मध्ये चान्सेलर श्मिट यांनी हा वंशसंहार होता हे मान्य केलं, आणि हायडेलबर्गचं प्रदर्शन उघडलं ते १९९७ मध्ये. म्हणून तिथे घरगुती फोटो आहेत. पोलिसांनी काढलेल्या फोटोत माणूस म्हणजे नुसता नंबर, आणि घरच्या फोटोत तोच माणूस कोट घालून बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभा. आपलं काय दाखवायचं आणि काय नाही हे तिथे पहिल्यांदा त्यांनी स्वतः ठरवलं. भाषा न दाखवणं हासुद्धा त्यातलाच एक निर्णय मानायला पाहिजे.

पाऊलवाट:
मला थोडं वेगळं वाटतं. सिंती म्हणजे सगळे रोमा नव्हेत. चेक देशात ब्रनोला १९९१ पासून रोमा संस्कृतीचं म्युझियम आहे, बऱ्याच देशांत रोमा लेखक रोमानीत कविता लिहितात, मुलांची पुस्तकं निघतात. बर्लिनच्या स्मारकात पाण्याच्या गोल कुंडाच्या काठावर कोरलेली ऑशविट्झवरची कविता सांतिनो स्पिनेली या रोमा कवीची आहे. तेव्हा शिकायचीच असेल तर जे स्वतःहून उघडपणे शिकवतात त्यांच्याकडे जा. पण सिंती घरांतल्या मुलांचं काय, ही काळजी मलाही आहे, आजी गेली की शब्द गेले असं होऊ शकतं. फक्त ते रेकॉर्डिंग त्यांनी त्यांच्यासाठी करावं, कुलूपही त्यांचं आणि किल्लीही त्यांचीच.

रानवारा:
खूप खूप थँक्यू सगळ्यांना, युस्टिनचं वाचून पोटात गोळाच आला. सेंटरमध्ये तिचं नाव वाचलं होतं पण मैत्रिणीच्या बोलण्याशी जोडलंच नाही मी. काल भेटले तेव्हा भाषेचा विषय काढलाच नाही, फक्त फोटो बघितले म्हणून सांगितलं. तर तीच म्हणाली की तिच्या पणजीचा एकच फोटो घरात उरलाय, कडेला फाटलेला, तो पुढच्या वेळी दाखवते.