मदत हवी आहे : लेक अमेरिकेत, आम्ही सांगलीत, वेळ आलीच तर फोन कुणाला करायचा?

सांगलीची_आई :

नमस्कार मंडळी. धाकटी लेक ऑगस्टमध्ये एमएससाठी टेक्सासला निघाली आहे. सरकारी विद्यापीठ आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. व्हिसा, विमा, लसी, कुकर, सगळं मार्गी लागलं. एकाच गोष्टीवर घोडं अडलंय आणि घरात विचारायला गेलं की "तुला काळजी करायला काहीतरी लागतंच" एवढंच ऐकायला मिळतं.

ऑनलाइन ओरिएंटेशनमध्ये थोडा वेळ युनिव्हर्सिटी पोलिसांचा होता. गणवेश, कमरेला पिस्तूल, सगळा थाट. आमच्याकडे कॉलेजची सुरक्षा म्हणजे गेटवर खुर्ची टाकून बसलेले वॉचमनकाका. ते आयकार्ड विचारणार आणि गाडी आडवी लावली की ओरडणार. पोलीस आत आले म्हणजे निवडणूक तरी असते नाहीतर राडा तरी. तर हे खरोखरचे पोलीस असतात, की एजन्सीचे गार्ड?

ती राहणार कॅम्पसबाहेर, तिघींनी मिळून घेतलेल्या अपार्टमेंटमध्ये. तिथे हे लोक येतात का?

आता खरा प्रश्न. समजा तिचा फोन लागत नाही, रूममेटही उचलत नाहीत. इथून ९११ लागतो का? नसेल लागत तर करायचं काय?

शिवाय विद्यापीठाच्या साइटवर वार्षिक सुरक्षा अहवालाची भलीमोठी पीडीएफ आहे. बलात्कार, दरोडा, पाठलाग असे रकाने दिसले आणि मी ती बंद करून टाकली. ती वाचायची कशी?

"काही होत नाही हो" सोडून काहीही सांगा.

ह्यूस्टनकर :

ताई, खरे पोलीस. टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठांच्या पोलिसांना शहर पोलिसांसारखंच प्रशिक्षण, शपथ, शस्त्र आणि अटकेचे अधिकार असतात. ही पद्धत जुनी आहे. येल विद्यापीठाने १८९४ मध्ये न्यू हेवन शहराचे दोन पोलीस कॅम्पससाठी घेतले, तिथून सुरुवात मानतात. मात्र सगळीकडे असं नाही. काही छोट्या खासगी कॉलेजांत 'पब्लिक सेफ्टी' विभाग असतो, त्यांचे लोक नि:शस्त्र असतात आणि गंभीर काही झालं की तेच शहर पोलिसांना बोलावतात. तुम्ही पिस्तूल बघितलंत म्हणजे तुमच्याकडे पहिला प्रकार आहे.

रोजचं काम म्हणाल तर सायकलचोरी, लायब्ररीत टेबलावर ठेवून गेलेला लॅपटॉप, पार्टीचा गोंगाट, गाडीत राहिलेली किल्ली. लेकीला सायकल घेतल्याबरोबर त्यांच्याकडे नोंदवायला सांगा, आणि तारेचं कुलूप नको, लोखंडी यू-लॉकच घ्यायचं. तार कापायला मिनिटही लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर कळली तर दचकाल. टेक्सासमध्ये १ ऑगस्ट २०१६पासून परवानाधारकांना सरकारी विद्यापीठांत लपवून पिस्तूल बाळगायला कायद्याने मुभा आहे. ठरावीक जागा वगळलेल्या असतात, त्यांची यादी विद्यापीठाच्या साइटवर मिळेल. मला हा कायदा अजिबात पटत नाही, पण तो आहे.

अटलांटावाले_बाबा :

फोनचं मी सांगतो. भारतातून ९११ फिरवून अमेरिकेतले पोलीस मिळत नाहीत. ९११ हा तिथल्या तिथे चालणारा नंबर. तुम्हाला हवा तो युनिव्हर्सिटी पोलिसांचा थेट दहा आकडी नंबर, आधी +१ लावून. साइटवर इमर्जन्सी आणि नॉन-इमर्जन्सी असे दोन्ही असतात, नॉन-इमर्जन्सीही बहुतेक ठिकाणी चोवीस तास उचलतात. त्याच शहराच्या पोलिसांचाही असाच नंबर शोधून ठेवा, कारण मुलगी बाहेर राहणार आहे. विद्यापीठ पोलिसांना कायद्याने कॅम्पसबाहेरही कारवाई करता येते, पण अपार्टमेंटमधला कॉल सहसा शहर पोलीसच घेतात.

आणि नंबर लिहून घेऊन भागत नाही. पोलिसांचा लँडलाइन व्हॉट्सॲपवरून लागत नाही. तुमच्या सिमवर आयएसडी चालू आहे का, बॅलन्स किंवा पॅक आहे का, ते आजच बघा. ऐनवेळी "ही सेवा उपलब्ध नाही" असं बाई सांगते तेव्हा हातपाय गळतात.

फोन लागला की म्हणायचं, 'वेल्फेअर चेक' हवा आहे. म्हणजे पोलीस दारावर जाऊन माणूस ठीक आहे ना एवढं बघून येतात. ते विचारतील ते एका कागदावर इंग्रजीत लिहून फ्रिजवर लावा: पूर्ण नाव पासपोर्टवर आहे तसं, जन्मतारीख (अमेरिकेत महिना आधी म्हणतात, म्हणून महिन्याचं नाव अक्षरी सांगा), पत्ता अपार्टमेंट नंबरसकट, तिचा तिथला मोबाइल, रूममेट्सची नावं, शेवटचं बोलणं कधी झालं आणि काळजीचं कारण काय. शेवटचं महत्त्वाचं. "फोन उचलत नाही" यापेक्षा "रोज रात्री बोलते, काल सकाळपासून मेसेज पोचलेलासुद्धा दिसत नाही, अंगात ताप होता" हे ऐकून माणूस लवकर निघतो. भाषेची अडचण वाटली तर दुभाषा मागायचा, लाजायचं नाही.

शनिवारपेठी :

बाई, मुलगी सज्ञान आहे. तिने दोन तास फोन नाही उचलला की तुम्ही दारात पोलीस पाठवणार? तिकडे सकाळ असते तेव्हा इथे रात्र असते याचं भान ठेवा. मुलांना जरा मोकळं सोडायला शिका.

अटलांटावाले_बाबा :

शनिवारपेठी, दोन तासांचं कुणी म्हटलेलं नाही. पण मुद्दा अगदीच चूक नाही. टेक्सासचा बराचसा भाग उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतो, नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे केली की साडेअकरा. त्यात लॅब, नोकरी, झोप. माय-लेकींनी आधीच ठरवून घ्यावं: किती वेळ गेला की रूममेटला फोन, किती वेळ गेला की पोलिसांना. तिला माहीत असलं की तीही दिवसातून एक अंगठा तरी पाठवते.

जुनी_आरए :

ताई, ती पीडीएफ परत उघडा. मी शिकत असताना दोन वर्षं हॉस्टेलमध्ये आरए होते, म्हणजे मजल्यावरच्या मुलांकडे बघणारी सीनियर. ही पीडीएफ ज्या कायद्यामुळे निघते, त्याच कायद्यावर आमचं ट्रेनिंग व्हायचं.

१९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या पहिल्या वर्षाच्या मुलीचा हॉस्टेलच्या खोलीत बलात्कार करून खून झाला. करणारा तिथलाच विद्यार्थी. हॉस्टेलचे बंद असायला हवे असलेले दरवाजे अडकण घालून उघडे ठेवले जात. आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा झाला, तो आज क्लेरी कायदा म्हणून ओळखला जातो. त्यामुळे सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे छापावेच लागतात. ज्यांचं पोलीस किंवा सुरक्षा खातं आहे त्यांना रोजची गुन्हेनोंदही लोकांना बघायला ठेवावी लागते. वार्षिक अहवालापेक्षा ही रोजची नोंद वाचा, जास्त कळतं. काय झालं, कुठे, किती वाजता, प्रकरण उघडं की बंद, अशा एका ओळीच्या नोंदी असतात. महिनाभर वाचलंत की कुठल्या पार्किंगमध्ये गाड्या फुटतात तेसुद्धा पाठ होईल.

आकडे वाचताना दोन गोष्टी. लैंगिक अत्याचाराचा आकडा शून्य दिसला तर मला तरी हायसं वाटत नाही. मोठ्या विद्यापीठात शून्य म्हणजे मुली तक्रारीला पुढे येत नसाव्यात, ही शंका आधी येते. आणि हे आकडे कॅम्पस, त्याला लागून असलेले सार्वजनिक रस्ते आणि विद्यापीठाच्या ताब्यातल्या इतर जागा एवढ्यापुरतेच. तुमची लेक राहणार तसली खासगी अपार्टमेंट्स त्यात धरत नाहीत, आणि आपली बहुतेक मुलं राहतात तिथेच. तेव्हा शहर पोलिसांचा गुन्ह्यांचा नकाशा वेगळा बघा. भाडेकरार व्हायचा असेल तर त्याआधी.

इशाऱ्याच्या मेसेजचंही सांगते. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारलं, त्यात मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनीही होती. पहिला गोळीबार सकाळी सव्वासातच्या सुमाराला झाला आणि विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला नऊ वाजून गेल्यावर. दुसरा, मोठा गोळीबार त्यानंतर लगेच. २००८ मध्ये कायदा बदलला आणि जिवाला धोका असेल तर खात्री होताच इशारा देणं बंधनकारक झालं. म्हणून तिचा अमेरिकन नंबर आला की तो त्याच दिवशी अलर्टच्या यादीत टाकायचा. भारतातला नंबर तसाच राहिला तर मेसेज इथे घरी वाजत बसेल.

टेक्सासात_दुसरं_वर्ष :

काकू, मी सध्या तिथेच शिकतेय (विद्यापीठ वेगळं असेल). रात्रीचं सांगते, कारण माझी आई पण हेच विचारायची.

लॅबमधून उशिरा निघायचं असेल तर एस्कॉर्ट असतो, म्हणजे विद्यापीठातर्फे सोबतीला माणूस किंवा गाडी. कुठे त्याला सेफवॉक म्हणतात, कुठे सेफराइड. फुकट. फोन किंवा ॲपवरून बोलवायचं. पण त्याची वेळ आणि हद्द ठरलेली असते. घर हद्दीच्या एक गल्ली पलीकडे असेल तर ते हद्दीवरच सोडतात. अपार्टमेंट घेताना मुली भाडं बघतात, बस बघतात, हे कुणी बघत नाही.

निळ्या दिव्याचे खांब असतात, बटण दाबलं की थेट कॅम्पस पोलिसांशी बोलणं होतं. मोबाइल आल्यामुळे काही विद्यापीठं ते काढताहेत. मोबाइलवरून ९११ केला तर तो बऱ्याचदा शहराच्या किंवा काउंटीच्या केंद्रात जातो आणि तिथून कॅम्पसकडे वळवतात. त्यामुळे पहिलं वाक्य पत्त्याचं: बिल्डिंगचं नाव, मजला. फोन मध्येच तुटला तरी निदान कुठे यायचं ते त्यांना कळतं.

गाडीचं एक. आपल्याकडे ट्रॅफिक हवालदाराने थांबवलं की आपण खाली उतरून "साहेब, साहेब" करत त्याच्याकडे जातो. इथे उतरायचं नाही. आत बसून काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे. लायसन्स काढायलासुद्धा आधी सांगून हात हलवायचा. मैत्रिणीच्या गाडीत मागे बसली असेल तरी तिने हे लक्षात ठेवायचं.

आणि फसवे फोन! स्क्रीनवर चक्क पोलिसांचा किंवा वकिलातीचा नंबर दिसतो. "तुझ्या इमिग्रेशनमध्ये चूक आहे, तासाभरात अटक होईल, गिफ्ट कार्ड घेऊन नंबर वाच, कुणाला सांगू नकोस." नवीन मुलं घाबरून देतात पैसे. पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत. ठेवून द्यायचा आणि साइटवरचा नंबर स्वतः फिरवून विचारायचं.

सांगलीची_आई :

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही नंबर सापडले. आयएसडी बंदच होतं, आज चालू करून घेतलं. कागद फ्रिजवर लागलाय, ह्यांनी येताजाता दोनदा वाचला पण बोलले काही नाहीत. रोजची नोंदही उघडली. काल एक स्कूटर, एक पाकीट आणि कुणीतरी कारंज्यात साबण टाकला ही नोंद. जीव जरा भांड्यात पडला.

आता दोन शंका. तिच्याबाबतीत काही झालं तर विद्यापीठ आम्हाला आपणहून कळवेल का? आणि ती म्हणते, "आई, पोलिसांकडे तक्रार केली की व्हिसाला त्रास होतो, सीनियर सांगतात." हे खरं आहे का? कारण तसं असेल तर ती कधीच फोन करणार नाही.

जुनी_आरए :

आपणहून कळवतील असं धरून चालू नका. १९७४चा फर्पा कायदा आहे. कॉलेजात गेल्यावर विद्यार्थ्याच्या नोंदींवर हक्क त्याचा स्वतःचा, फी कुणीही भरो. जिवावरच्या प्रसंगी ते घरी कळवू शकतात, आणि तिने संमतीचा फॉर्म भरला तर इतर वेळीही बोलू शकतात. फॉर्म भरायचा की नाही ते तिला ठरवू द्या. पोर्टलवर इमर्जन्सी काँटॅक्ट मात्र भरायला लावा, त्यात तुमच्याबरोबर अमेरिकेतलं एखादं माणूसही हवं, नात्यातलं किंवा ओळखीचं. हॉस्टेलवाल्यांकडून बेपत्ता झाल्यास कुणाला कळवायचं ते नाव वेगळं मागून घेतात, बाहेर राहणाऱ्यांना ती सोय नाही.

ह्यूस्टनकर :

व्हिसाचं सीनियर अर्धवट सांगताहेत. फिर्यादी म्हणून, साक्षीदार म्हणून किंवा मदतीसाठी पोलिसांना बोलावलं म्हणून एफ-१ (विद्यार्थ्यांचा व्हिसा) रद्द होण्याचं कारण नाही. भीती आली ती दुसऱ्या बाजूने. स्वतःला अटक झाली, विशेषतः दारू पिऊन गाडी चालवताना, तर खटला लागायच्या आधीसुद्धा व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यात २०२५च्या वसंतात बऱ्याच परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदयंत्रणा) नोंदी किरकोळ पोलीस प्रकरणांवरून बंद केल्या गेल्या. कोर्टात दावे झाल्यावर अनेकांच्या पूर्ववत झाल्या, पण मुलांच्या मनात बसलं की पोलिसांच्या कागदावर नावच नको.

तिला फरक समजावून सांगा. तिच्यावर गुन्हा नोंदला गेला, कितीही किरकोळ असो, तर त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय आणि इमिग्रेशनचा वकील. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी फुकट कायदेशीर सल्ला असतो. तिला कुणी त्रास दिला असेल तर तक्रार बेधडक. आणि तक्रार करायची की नाही हेच ठरत नसेल तर आधी विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे. तिथलं बोलणं गोपनीय राहतं. प्रोफेसर किंवा आरएला सांगितलं तर त्यांना बहुधा वर कळवावंच लागतं, त्यामुळे कुणाला काय सांगायचं हे तिने आधी माहीत करून घेतलेलं बरं.

टेक्सासात_दुसरं_वर्ष :

काकू, ओरिएंटेशनच्या आठवड्यात कॅम्पस पोलिसांचा स्टॉल असतो, सायकलचे दिवे आणि शिट्ट्या फुकट वाटतात. तिला म्हणावं, तिथे उभं राहून हाच व्हिसाचा प्रश्न थेट विचार. आमच्या बॅचमध्ये एकीने विचारला होता, मागे रांगेतल्या सगळ्या देशी मुली कान देऊन ऐकत होत्या.