शटडाउन : नाक कुणाचं, तोंड कुणाचं?

तिरकस :
१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, खर्चाचं बिल मंजूर न झाल्यामुळे तब्बल ४३ दिवस अमेरिकेचं सरकार बंद. आधीचा ३५ दिवसांचा विक्रमही ट्रम्प यांच्याच नावावर होता. २०१८-१९ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला ५.७ अब्ज डॉलर हवे होते. या वेळी ओबामाकेअरच्या आरोग्य विम्यावरची वाढीव सबसिडी चालू ठेवा म्हणून डेमोक्रॅट अडून बसले.

विमानतळावर बॅगा तपासणारे बिनपगारी. विमानं उतरवणारे कंट्रोलरही बिनपगारी. सिनेटर मंडळींचे वर्षाचे १,७४,००० डॉलर मात्र सुरक्षित, कारण स्वतःच्या पगाराची तरतूद त्यांनी कायमची करून ठेवली आहे. नाक दाबलं की तोंड उघडतं हे खरं, पण यांनी दाबलं ते दारातल्या हवालदाराचं!

आणि ही काही संविधानाची आज्ञा नव्हे. मंजुरीशिवाय खर्च करू नये हा कायदा एकोणिसाव्या शतकातला. तरी बजेट रखडलं तर कचेऱ्या चालूच राहायच्या, पैसे येतील मागाहून म्हणून. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनी त्याच कायद्याचा कडक अर्थ लावला, आणि तेव्हापासून हा तमाशा.

गणिती :
तमाशा काय म्हणता? सिनेटमध्ये रिपब्लिकन ५३, खर्चाचं बिल पुढे न्यायला मतं लागतात ६०. विरोधकांच्या हाती उरलेलं हे एकमेव हत्यार. ते वापरायचं नाही तर काय भजन करायचं? आपल्याकडे बघा. मार्च २०१८ मध्ये लोकसभेत गोंधळ चालू असताना साऱ्या मागण्या आणि वित्त विधेयक गिलोटिन लावून, म्हणजे चर्चा न करता एकदम मताला टाकून, अर्ध्या तासात मंजूर. एका रुपयावर चर्चा नाही. त्यापेक्षा ४३ दिवसांचं भांडण परवडलं.

तिरकस :
परवडलं कुणाला? हाती काय लागलं ते सांगा. शेवटी डेमोक्रॅटांच्या गोटातले आठ जण पलीकडे गेले आणि ३० जानेवारीपर्यंतचा पैसा मंजूर झाला. सबसिडीवर काय, तर डिसेंबरमध्ये मतदान घेऊ! आश्वासनाची पावती घेऊन घरी. दरम्यान नोव्हेंबरचे फूड स्टॅम्प अडकले. ज्यावर सुमारे सव्वाचार कोटी लोकांचं किराणा सामान येतं, ते.

एडिसनची सून :
अहो, तुमचं हत्यार नि तमाशा चालू द्या, इकडे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमचं काय झालं ते ऐका. व्हिसा-ग्रीन कार्डाचे अर्ज बघणारं खातं, यूएससीआयएस, अर्जांच्या फीवर चालतं, त्यामुळे ते उघडं. पण नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जाआधी श्रम खात्याकडून एलसीए नावाची मंजुरी लागते, ग्रीन कार्डाच्या वाटेवर त्याच खात्याचं पर्म नावाचं प्रमाणपत्र लागतं. ते खातं बंद! वेबसाइटसुद्धा बंद, अर्ज टाकायचीही सोय नाही. ह्यांचे कागद तयार होते, वकीलबाई रोज एकच उत्तर द्यायच्या, "थांबा." ऑक्टोबर संपता संपता ती खिडकी उघडली. आम्हाला इथे मत नाही, टॅक्स मात्र वेळेवर कापला जातो.

गणिती :
ताई, त्रास झाला हे मान्य. पण दोष एकट्या विरोधकांच्या माथी कशाला? प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन स्पीकर जॉन्सन यांनी १९ सप्टेंबरनंतर शटडाउन संपेपर्यंत सभागृह भरवलंच नाही. ॲरिझोनाच्या डेमोक्रॅट ॲडेलिटा ग्रिहाल्वा २३ सप्टेंबरला निवडून आल्या, शपथ मिळाली १२ नोव्हेंबरला! आणि योगायोग पहा, लैंगिक गुन्हेगार एपस्टीनची कागदपत्रं खुली करण्यावर मतदान घ्यायला लावणाऱ्या अर्जावर २१८ वी, म्हणजे निर्णायक सही त्यांचीच व्हायची होती.

तिरकस :
म्हणजे माझंच म्हणणं झालं की! भांडायचं तर सभागृहात येऊन भांडा. नवं बजेट होत नसेल तर जुनंच आपोआप पुढे चालू राहील असा कायदा करा. बॅगा तपासणाऱ्याचा पगार वेठीला धरायची गरज नाही.

गणिती :
आणि ज्याला जुनं बजेट सोयीचं तो नवं होऊच कशाला देईल? नुसता हात बांधून बसेल.

एडिसनची सून :
आत्ता तरी वेगळं काय करतात?