भांडे दिसते, पण हात चुकतो : असे का होते?

प्रश्न :
पक्षाघातातून सावरलेल्या माझ्या वडिलांच्या हातांत पुरेशी ताकद आहे आणि डोळेही तपासून घेतले आहेत. तरीही ताटाकडे पाहत उजवीकडचे पाण्याचे भांडे घ्यायला गेले, की हात चार बोटे अलीकडेच पडतो आणि भांडे कलंडते. भांडे कोठे आहे हे ते अचूक सांगतात, घासही तोंडात नीट जातो. डॉक्टरांनी याला ‘ऑप्टिक अटॅक्सिया’ म्हटले. डोळ्यांना दिसणारे हाताला का कळत नसावे?

प्रतिसाद १ :
हंगेरीतील डॉक्टर रेझ्यो बालिंट यांनी १९०९ मध्ये या विकाराचे वर्णन केले. मेंदूच्या मागच्या भागात पोहोचलेली दृष्टीची माहिती पुढे ढोबळमानाने दोन वाटांनी जाते. कानशिलाकडची वाट वस्तू ओळखते. माथ्याकडची वाट हात किती लांबवायचा, मनगट किती वळवायचे आणि बोटे किती फाकवायची हे ठरवते. दुसऱ्या वाटेला इजा झाली, की वस्तू ओळखता येते, पण हात तिच्यापर्यंत नेमका जात नाही. तोंडाची जागा मात्र शरीराला न पाहताही ठाऊक असते, म्हणून घास चुकत नाही.

प्रतिसाद २ :
याच्या नेमके उलट उदाहरण ‘डी. एफ.’ या रुग्ण महिलेचे आहे. १९८८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर तिला वस्तूंचे आकार ओळखता येईनासे झाले. समोरच्या चकतीवरची फट आडवी आहे की तिरपी, हे तिला सांगता येत नसे. पण हातातले कार्ड त्या फटीत टाकायला सांगितले, की हात पुढे सरकतानाच तिचे मनगट योग्य कोनात वळत असे. मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी १९९२ मध्ये ओळखणे आणि कृती यांच्या वाटा वेगळ्या असल्याचे मांडले, त्यामागे हा मोठा आधार होता. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की वस्तू नजरेआड करून दोन सेकंद थांबवले, तर तिच्या बोटांची वस्तूच्या आकाराप्रमाणे उघडण्याची सफाई नाहीशी होई. म्हणजे कृतीची वाट त्या क्षणापुरतीच काम करते.

प्रतिसाद ३ :
या दोन वाटा एकमेकींपासून पूर्ण तुटलेल्या नाहीत. दृष्टिभ्रमामुळे वस्तू आहे त्यापेक्षा लहान-मोठी भासली, तर ती पकडताना बोटेही तशीच फसतात की नाही, यावर संशोधकांत अजूनही वाद आहे. वडिलांपुरते सांगायचे, तर ऑप्टिक अटॅक्सियात नजरेच्या कडेला असलेल्या वस्तूंकडे जाताना हात जास्त चुकतो, म्हणून आधी भांड्याकडे सरळ पाहून मगच हात पुढे करायला सांगावे. काही रुग्णांचा नेम थोडे थांबल्यावर सुधारतो, असेही प्रयोगांत दिसले आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून त्यांच्या सोयीचा सराव अवश्य ठरवून घ्यावा.